दुष्काळ एकच, इंग्रजीत शब्द दोन

परवा पुतणी इंग्रजीचा निबंध घेऊन बसली होती. नववीत आहे, विषय होता आपल्या भागातली एखादी आपत्ती. बीड जिल्ह्यातल्या लेकराला दुसरं काय सुचणार! मोबाईलवर दुष्काळ टाकलं तर फॅमिन आलं, मग तिनं बिनधास्त लिहून टाकलं की 2016 ला लातूरमधे फॅमिन पडला अन् मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. मी म्हटलं फॅमिन नाही गं, ड्राउट. तर म्हणायली, काका दोन्हीचा अर्थ दुष्काळच दाखवायलंय की.

तिचं काय चुकलं म्हणा, आपण पाऊस नाही पडला तरी दुष्काळ म्हणतो अन् खायला नाही मिळालं तरी दुष्काळच. अवर्षण हा शब्द आहे पण तो पेपरवाले वापरतात, पारावर कोणी अवर्षण म्हटलं तर लोक हसतील. इंग्रजीत मात्र ड्राउट म्हणजे पाण्याची गोष्ट, ड्राय शब्दाच्याच भावकीतला. विहीर आटली, टँकर लागला, रब्बी गेली, हे सगळं ड्राउट. फॅमिनच्या मुळाशी लॅटिनमधली भूक आहे, म्हणजे माणसं अन्नावाचून मरायलीत तेव्हाच तो शब्द वापरायचा. अन् त्याला पाऊस हुकायलाच पाहिजे असंही नाही, 1943 ला बंगालमधे युद्धाच्या काळात तांदळाचे भाव गरिबाच्या हाताबाहेर गेले अन् लाखो लोक मेले, तो फॅमिन. लातूरला नळ कोरडे होते पण दुकानात धान्य होतं, म्हणून तो ड्राउट. (उच्चार ड्राउटच हं, थॉट-ब्रॉटच्या नादात आमच्याकडं सगळे ड्रॉट म्हणतात, मीपण कॉलेजपर्यंत म्हणायचो.)

मग बहात्तरच्या दुष्काळाचं काय, असं तिनं विचारलं. तिथं मी जरा अडकलो. आई ज्वारी निवडत बसली होती, तिला विचारलं आपल्या गावात भुकेनं माणसं मेली का तेव्हा. म्हणाली, "मरतील कशानं? खडी फोडायला जायचो की रोडच्या कामावर, तिथं सुकडी भेटायची, घरी लाल मिलोच्या भाकरी. जनावरं मात्र लई गेली." म्हणजे पाऊस हुकला अन् भूकबळी पडायच्या आत मधे खडीचं काम आलं, सुकडी म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ आला, परदेशातला मिलो म्हणजे लाल ज्वारी आली. पुढं 1977 ला रोजगार हमीचा कायदाही झाला. पुतणीनं फॅमिन खोडून ड्राउट लिहिलं, पण आई मिलोची चव सांगायली तेव्हा मला काही तो शब्द पुरेसा वाटला नाही.

निबंध संपता संपता पोरीनं विचारलं, मग काका, ओल्या दुष्काळाला काय लिहू, वेट ड्राउट? मी म्हटलं ते इंग्रजीत चालत नाही, सरळ फ्लड लिही.

आई सूप आपटत म्हणाली, "पूर येगळा. पूर वसरतो. सोयाबीन शेतातच कुजलं, त्याला काय म्हणतेत तुमच्या इंग्रजीत?"