ड्रॅगन, वही आणि २० फ्रेम: आमच्या ॲनिमेटेड परीकथेचा अनुभव

आमची शॉर्टफिल्म जेमतेम सात मिनिटांची आहे. गोष्ट साधी, मनोऱ्यात राजकन्या, खाली पहाऱ्याला ड्रॅगन, आणि हा ड्रॅगन वही घेऊन बसलेला असतो, जो कोणी राजपुत्र येईल त्याने आधी नाव लिहायचं, येण्याचं कारण लिहायचं, सही करायची आणि मगच तलवार काढायची. मी टीमला पहिल्यापासून एकच सांगत होते की आपण विनोदी आहोत हे ड्रॅगनला माहीतच नसायला हवं, त्याच्यासाठी ती वही म्हणजे ड्युटी आहे. त्याने एकदा जरी प्रेक्षकांकडे बघून डोळा मारला ना, की मेलं सगळं.

ॲनिमेशन म्हटलं की लोकांना कॅरेक्टर हलवणं आठवतं पण कॉमेडी जमलीय का हे त्याच्या खूप आधी, ॲनिमॅटिकमध्येच कळतं. स्टोरीबोर्डची चित्रं टायमिंगनुसार एकामागे एक लावायची, खाली टीममधल्याच कोणाच्या तरी आवाजात संवाद टाकायचे आणि चार लोकांना दाखवायचं. आमचा राजपुत्र वही उघडतो, सगळे रकाने नीट वाचतो आणि विचारतो, "पेन आहे का?" यावर ड्रॅगन गप्प. ही गप्प बसायची जागा आधी १२ फ्रेमची होती, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर अर्धा सेकंद, आणि कोणी हसेचना. ३० केल्या तर बघणाऱ्यांना वाटलं व्हिडिओ अडकला. शेवटी २० ठेवल्या आणि त्यात ड्रॅगनची पापणी एकदाच मिटते. तिथे खोलीत हशा पिकला! पुढे मॉडेल बदललं, रिग म्हणजे कॅरेक्टर हलवायचा आतला सांगाडा बदलला, लाइटिंग तर पूर्णच बदललं, पण त्या २० फ्रेमना मी कोणाला हात लावू दिला नाही.

सगळ्यात जास्त दमवलं ते आवाजाने. ड्रॅगनचा आवाज आधी भारदस्त, गुरगुरणारा रेकॉर्ड केला होता, लिपसिंक, म्हणजे आवाजाप्रमाणे ओठ हलवणंही बरंच झालं होतं, आणि रफ कट लावून बघितला तर तो नुसता भीतीदायक वाटत होता, त्याच्यावर जीव जडत नव्हता. मी हट्ट धरला की मऊ, थोडा थकलेला आवाज हवा. आता आवाज बदलायचा म्हणजे तोंडाचे आकार पुन्हा, हावभाव पुन्हा, त्यामुळे ॲनिमेटर नाराज होणं साहजिकच होतं. तेव्हा मी त्यांना 'श्रेक' या ॲनिमेटेड सिनेमाचं उदाहरण दिलं. त्यात श्रेकच्या भूमिकेसाठी ख्रिस फार्ली या नटाचे बहुतेक संवाद रेकॉर्ड करून झाले होते, पण डिसेंबर १९९७ मध्ये तो वारला, मग भूमिका माईक मायर्स या नटाकडे आली, आणि त्यानेही एकदा रेकॉर्डिंग केल्यावर स्कॉटिश ढंगात पुन्हा करायला मागितलं, मग झालेलं ॲनिमेशनसुद्धा बदलावं लागलं. २००१ ला आलेल्या त्या सिनेमाला ॲनिमेटेड फीचरचं पहिलंवहिलं ऑस्कर मिळालं. एवढ्या मोठ्या कामात लोक आवाजासाठी मागे फिरतात तर आपण का नाही?

नवीन कलाकाराचं रेकॉर्डिंग चालू असताना आम्ही त्याचा व्हिडिओही घेत होतो, आणि बरं झालं घेतला. तो स्क्रिप्टचं पान उलटताना अंगठा जिभेला लावायचा, अगदी नकळत. आम्ही ते जसंच्या तसं ड्रॅगनला दिलं, फक्त ड्रॅगनच्या जिभेला अंगठा लागला की चर्र आवाज येतो आणि बारीकसा धूर निघतो, आणि तो मात्र काहीच न झाल्यासारखं पुढचं पान काढतो.

रेंडरचं, म्हणजे कॉम्प्युटरकडून अंतिम चित्रं काढून घेण्याचं, फार सांगण्यासारखं नाही, मशीन रात्रभर चालू, सकाळी ज्या फ्रेममध्ये नॉइज, म्हणजे दाणेदार ठिपके, दिसेल त्या परत लावायच्या.

पहिल्या शोला लहान मुलं आणि मोठी माणसं एकत्र होती. मोठे हसले ते सहीच्या रकान्याला, आणि मुलं त्या चर्रला इतकी खिदळली की पुढचा अख्खा संवाद बुडाला, म्हणून नंतर तिथे मुद्दाम एक सेकंद वाढवून दिला. एका गृहस्थांना मात्र परीकथेची टिंगल केल्यासारखं वाटलं. मला ते बिलकुल पटत नाही. जर्मन लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंच्या परीकथांचा पहिला खंड १८१२ ला आला आणि पुढच्या आवृत्त्यांमध्ये त्यांनी स्वतःच किती कथा बदलत नेल्या, या गोष्टी बदलत बदलतच तर टिकल्यात. आणि आम्ही हसतो ते ड्रॅगनच्या प्रामाणिकपणावर जीव लावून.

पण एका छोट्या मुलीने शो संपल्यावर विचारलं, "ती राजकन्या वर एवढा वेळ काय करत होती?" हा प्रश्न सगळ्या टीमला लागला. आता दुसऱ्या भागाचा स्टोरीबोर्ड चालू आहे, त्यात राजकन्या स्वतः खाली उतरते, वही मागून घेते आणि ड्रॅगनसमोर बसून पहिल्या पानापासून एकेक सही तपासायला लागते.