बोटीवरचा शेवटचा दिवस आणि बडोद्याला परत: चार पिढ्या, नऊ माणसं

जानेवारीत आम्ही बडोद्याचे नऊजण मुंबईहून क्रूझने लक्षद्वीपला जाऊन आलो. माई म्हणजे माझ्या आजेसासूबाई, वय ८४. मग सासू-सासरे, आम्ही दोघं, दीर-जाऊ आणि दोन मुलं. बोटीवरचं जेवण, पोहणं, लक्षद्वीपचं निळं पाणी याबद्दल पुष्कळ सांगता येईल, पण मी मुद्दाम शेवटच्या दिवसाबद्दल लिहितेय. घरात म्हातारं माणूस असेल तर खरी कसोटी त्या दिवशी लागते, आणि बुकिंग करताना त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

शेवटचा दिवस खरं तर आदल्या संध्याकाळीच सुरू होतो. केबिनमध्ये रंगीत टॅग येतात. ते मोठ्या बॅगांना लावून बॅगा रात्री दाराबाहेर ठेवायच्या, बोटीची माणसं त्या नेतात आणि सकाळी धक्क्यावर त्याच रंगाच्या जागी मिळतात. ओझं उचलावं लागत नाही, सोय उत्तमच आहे. पण एकदा बॅग गेली की सकाळपर्यंत ती तुमची नाही.

आमचं इथेच चुकलं. जाऊ आणि मी भराभरा आवराआवर करत होतो. माईंची बॅग मीच भरली, मीच चेन लावली, मीच बाहेर ठेवली. साडेअकराला माई पलंगावर बसून उशीखाली, बाजूला, पायथ्याशी हात फिरवू लागल्या. "अगं, माझी डबी कुठंय?" डबी म्हणजे स्टीलची, झाकणाला रबर लावलेली, तिच्यात प्रेशरची रात्रीची गोळी. मी दार उघडून पाहिलं तर अख्खा पॅसेज रिकामा. रिसेप्शनवरच्या मुलीने मनापासून ऐकून घेतलं, पण शेकडो बॅगांतून एक शोधणं तेव्हा शक्यच नव्हतं. शेवटी बोटीवरच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी चिठ्ठी मागितली. माझ्या फोनच्या गॅलरीत तिचा फोटो होता म्हणून लगेच गोळी मिळाली. तो फोटो कुणाच्या मेसेजमध्ये किंवा मेलमध्ये असता तर उपयोग नव्हता, भर समुद्रात नेटवर्क नसतं. माईंना गोळी देऊन झोपवलं तेव्हा साडेबारा वाजले होते, आणि त्या उलट मलाच म्हणत होत्या, "जाऊ दे गं, झोप तू आता." मला मात्र बराच वेळ झोप लागली नाही.

म्हणून कळकळीने सांगते. प्रत्येक मोठ्या माणसाची एक वेगळी कापडी पिशवी करा. त्यात औषधं, चिठ्ठी, चष्मा, कवळीची डबी, कानाचं यंत्र, सकाळचे कपडे आणि आतले कपडे. चप्पल पायाशीच राहू द्या. ही पिशवी भरून ज्याची त्याच्या हातात दिली की मगच मोठ्या बॅगेची चेन लावायची. सासऱ्यांची इन्सुलिनची पेनं केबिनच्या फ्रिजमध्ये होती. माईंच्या प्रकारानंतर मी दाराच्या मुठीला "फ्रिज" लिहून कागद चिकटवला, तेवढी एक गोष्ट वाचली.

बिलाचंही आदल्या संध्याकाळीच बघा. बोटीवर सगळा खर्च केबिनच्या कार्डावर चढत जातो, मुलं सरबतं आणि आइस्क्रीम घेऊन येतात आणि आपल्याला पत्ता नसतो. आमच्या बिलात दुसऱ्याच कुणाच्या दोन नोंदी होत्या. संध्याकाळी दाखवल्या तर पाच मिनिटांत काढून दिल्या. सकाळी त्याच काउंटरसमोर लांबलचक रांग होती. व्हीलचेअरही तेव्हाच सांगून ठेवा. चालू शकणाऱ्या माणसालासुद्धा घ्या, कारण उतरायच्या जिन्याचा उतार भरती-ओहोटीप्रमाणे बदलतो, कधी चांगलाच तिरपा असतो.

आता त्या दिवसाची सगळ्यात सुंदर गोष्ट. पहाटे साडेपाचला उठा आणि वरच्या डेकवर जा. माई शाल गुंडाळून आल्या, हातात चहाचा कागदी कप. अंधारातच एक छोटी बोट आमच्या जहाजाला येऊन खेटली आणि एक माणूस दोराच्या शिडीने वर चढला. तो बंदराचा पायलट. मोठं जहाज बंदरात आणताना इथल्या पाण्याची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस कप्तानाशेजारी लागतो. मुलं कठड्याला धरून बघतच राहिली. मग कुलाब्याच्या टोकाचं दीपगृह मागे पडलं आणि जहाज उत्तरेकडे वळलं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: गेटवे आणि ताज डाव्या हाताला दिसतात, सूर्य उजवीकडे घारापुरीच्या बाजूने उगवतो. मोठ्या माणसाची खुर्ची आधी डावीकडे लावा, मग उजवीकडे फिरवा. सूर्य वर आला तेव्हा माईंनी कप खाली ठेवून हात जोडले. काही बोलल्या नाहीत. त्यांच्या बोटांवर चहाची वाफ लागून ओल आली होती, ती त्यांनी शालीला पुसली.

आमची केबिन आवरणारा मुलगा मालवणकडचा. निघताना माईंनी त्याला बडोद्याहून आणलेला लिल्या चिवड्याचा, म्हणजे तिकडच्या बटाट्याच्या ओलसर चिवड्याचा, बंद पुडा दिला आणि विचारलं, "जेवतोस ना रे वेळेवर?" पोरगा खाली वाकून पाया पडला.

उतरणं, टॅक्स्या, सगळं ठीक झालं. बॅलार्ड पिअरहून मुंबई सेंट्रल जवळच आहे, पण गाडी दुपारनंतरचीच घ्या. जहाजाला किंवा उतरायला कधी उशीर होईल सांगता येत नाही, आणि नऊ माणसांना सकाळच्या गाडीमागे पळवणं म्हणजे म्हाताऱ्यांचे हाल. तिकिटं ६० दिवस आधी निघतात, तेव्हाच एका डब्यात काढा. मधल्या वेळात सामान क्लोकरूममध्ये ठेवता येतं, बॅगांना कुलूप मात्र हवं. आम्ही वंदे भारतने आलो. ३९२ किलोमीटर, चार-साडेचार तास. बडोद्याला शहरात जायचं असेल तर एक नंबर प्लॅटफॉर्मकडून सयाजीगंजच्या बाजूने बाहेर पडा, तिकडून दांडिया बाजार सरळ पडतो.

घरी पोचलो तर शेजारच्या बेनने गरम खिचडी-कढी आणून ठेवली होती. पण दिवस अजून संपला नव्हता. बोटीवरून उतरल्यावर एक-दोन दिवस जमीन डुलल्यासारखी वाटते. आम्हाला त्याची मजा वाटली, माईंना मात्र न्हाणीघरात तोल गेल्यासारखं झालं. मी मागेच होते म्हणून बरं. त्या रात्री न्हाणीघराच्या दाराशी खुर्ची ठेवली, दिवा चालू ठेवला आणि मी त्यांच्या खोलीतच झोपले. दोन दिवस त्या माझा खांदा धरून चालल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काठी घेऊन एकट्या सुरसागर तलावापर्यंत जाऊन आल्या.