तुम्ही विचारलंत म्हणून: मोडांतून एन्झाइम काढायला महिने का लागतात

‘मोड तर आमच्या घरीही येतात. मिक्सरला लावायचे, गाळायचे, झालं. त्यात महिने कसले?’ पुण्यात लग्नाच्या पंगतीपासून सोसायटीच्या जिन्यापर्यंत हे ऐकत आले आहे. एकदा नीट सांगते.

गाळून मिळतो तो रस. त्यात हजारो प्रथिनं, मला हवं एकच एन्झाइम (रासायनिक क्रिया वेगाने घडवणारं प्रथिन): ग्लुटामेट डिहायड्रोजनेज. मंडईतला मूग एकाच पोत्यातला घ्यायचा, नाहीतर मोड मागेपुढे येतात. चार दिवस अंधारात ठेवायचा, मग ग्रॅमला दोन मिली गार ट्रिस बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) घालून ४ अंशांवर वाटायचा. बफरमध्ये मर्कॅप्टोइथेनॉल (ऑक्सिडेशन रोखणारं रसायन) हवंच, त्याशिवाय रस तपकिरी पडतो आणि एन्झाइम मरतं. इथवर तुमचं म्हणणं मान्य.

पुढे घात केला मिठाने. प्रथिनं खाली बसवायला १०० मिली रसात साधारण ३६ ग्रॅम अमोनियम सल्फेट हे मीठ लागतं. पण या एन्झाइमची मी मोजते ती क्रियाच अमोनियम आणि कीटोग्लुटारेट हे आम्ल जोडून ग्लुटामेट बनवण्याची. त्यात एनएडीएच (३४० नॅनोमीटरचा प्रकाश शोषणारा सहायक रेणू) खर्च होतं आणि ३४० नॅनोमीटरवरचं रीडिंग उतरतं. गाळ विरघळवल्यावर अमोनियम १ मोलर उरलं असं धरा. १० मिलीची पिशवी १ लिटर बफरमध्ये एकदाच डायलाइज केली (पातळ पडद्यातून मीठ बाहेर जाऊ दिलं) तर १० मिलिमोलर राहतं. त्यातले ५० मायक्रोलिटर १ मिलीच्या क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या छोट्या पारदर्शक नळीत) घातले की अर्धा मिलिमोलर. मी अमोनियमच्या वाढत्या प्रमाणांची जी मालिका मोजते, तिच्यातला सर्वात खालचा बिंदू होता १ मिलिमोलर. प्रत्यक्षात तिथे दीड होता, आणि दुहेरी व्यस्त आलेखात (१/वेग विरुद्ध १/प्रमाण) रेषा फिरवतात ते खालचेच बिंदू. अमोनियम न घातलेल्या ब्लँकचीही (तुलनेसाठीच्या नमुन्याचीही) रेषा उतरत होती, तेव्हा कळलं. तीन आठवड्यांचे केएम (एन्झाइमचा वेग निम्मा होतो ते अमोनियमचं प्रमाण) रद्द.

तेव्हा मी म्हणत होते, ब्लँक वजा करू. चूक होती. वजाबाकीने फक्त वेग कमी दिसेल, आडव्या अक्षावरचं अमोनियम चुकीचंच राहील. शिवाय कच्च्या रसातली इतर एन्झाइमं एनएडीएच खातातच. म्हणून दुसरा ब्लँक कीटोग्लुटारेटशिवाय: तो सपाट आणि पहिला उतरता, तर दोष उरलेल्या अमोनियमचा. आता तीनदा बफर बदलते.

सवयीने ईडीटीए (कॅल्शियमसारखे धातू पकडून ठेवणारं रसायन) घातलं, तेही नडलं. वनस्पतीतल्या या एन्झाइमला जोडण्याच्या दिशेने कॅल्शियम लागतं. १ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड घालावं लागलं. फॉस्फेट बफर म्हणूनच नको, कॅल्शियम गाळात जातं.

एक गोष्ट अजून सलते. जिवंत रोपात हे एन्झाइम बहुतेक वेळा ग्लुटामेट तोडतं, आणि मी मोजते जोडणं, कारण ते मोजायला सोपं. मग हा केएम रोपाबद्दल काय सांगतो? माझं माझ्याशीच पटत नाही.