लेव्हिटटाउन : बटाट्याच्या शेतातलं गाव आणि तिथली स्वयंपाकघरं

न्यूयॉर्कला जाणारी आपली माणसं टाइम्स स्क्वेअर, स्वातंत्र्यदेवी, जमलं तर नायगरा करून परत येतात, मला मात्र कितीतरी वर्षांपासून लेव्हिटटाउन बघायचं होतं. भाची लाँग आयलंडवर हिक्सव्हिलला राहते, तिथून हे गाव गाडीने अगदी जवळ. ती म्हणाली, "मावशी, तिथे काय आहे गं बघायला, नुसती घरं आहेत!" अगं पण तीच तर बघायची होती.

दुसरं महायुद्ध संपलं आणि सैनिक घरी आले, धडाधड लग्नं झाली, पाळणे हलले, पण राहायला जागा कुठाय? कोणी सासू-सासऱ्यांकडे एका खोलीत, कोणी लष्कराच्या जुन्या पत्र्याच्या बराकीत संसार मांडलेला. अशा वेळी लेव्हिट अँड सन्स या बिल्डरने इथली बटाट्याची शेतं घेतली आणि १९४७ ते १९५१ मध्ये १७,४४७ घरं उभी केली. कारखान्यात वस्तू पुढे सरकते आणि कामगार जागेवर असतात, इथे उलटं, घर जागेवर आणि कामगारांच्या टोळ्या एका प्लॉटवरून दुसऱ्यावर, एक टोळी फक्त स्लॅब ओतणार, एक फक्त रंग देणार. जोरात काम चालू असताना दिवसाला तीसच्या वर घरं तयार व्हायची! सुरुवातीला ६० डॉलर महिना भाड्याने दिली, १९४९ पासून ७,९९० डॉलरला विकली, आणि सरकारी योजनेमुळे माजी सैनिकाला हातात रोख काही नसतानाही घर घेता यायचं, महिन्याला ५८ डॉलर हप्ता.

भाचीच्या ओळखीच्या एक आजी इथेच राहतात, आईवडिलांच्याच घरात. १९५० मध्ये त्या अगदी लहान असताना कुटुंब इथे आलं. त्यांनी फार प्रेमाने घर दाखवलं आणि मी तर स्वयंपाकघरातून हलेचना.

कारण स्वयंपाकघर पुढच्या बाजूला, दारालगत, आणि सिंकसमोरच्या खिडकीतून रस्ता दिसतो. मागे हॉलला हीऽऽ मोठी काचेची खिडकी, तिच्यातून मागचं अंगण. म्हणजे आई भांडी घासता घासता कोण आलं गेलं ते बघणार आणि दोन पावलं मागे सरकली की पोरं काय करतायत तेही बघणार. ओटा, स्टीलची कपाटं, फ्रीज, शेगडी आणि बेंडिक्सचं वॉशिंग मशीन, सगळं घराबरोबरच मिळालेलं, आणि मशीनची जागा स्वयंपाकघरातच, कारण तळघर नाहीच, घर थेट काँक्रीटच्या स्लॅबवर. त्या स्लॅबमध्ये गरम पाण्याचे पाइप घातलेले, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत फरशी ऊबदार. आजी म्हणाल्या, "आई सकाळी आमचे शाळेचे कपडे जमिनीवर पसरून ठेवायची, गरम गरम अंगात घालायला." पुढे ते पाइप गळायला लागले आणि बऱ्याच घरांनी ते बंद करून भिंतीलगत हीटर बसवले, यांच्याकडेही तसंच. जिन्याच्या बाजूला भिंतीत एक चौकोनी कोनाडा आहे, १९५० च्या घरांत तिथे ॲडमिरल कंपनीचा टीव्ही बसवूनच मिळायचा. आता तिथे नातवंडांचे फोटो आहेत.

वर माळा होता तो अर्धवट सोडलेला, मुद्दाम, लागेल तशी खोली काढा म्हणून. यांच्या वडिलांनी शेजाऱ्यांना हाताशी धरून शनिवारी शनिवारी प्लायवूड ठोकून दोन खोल्या काढल्या, मग आजींनी शेजारच्या काकांकडे जाऊन त्यांचा माळा होताना खिळे धरायचे. मला ही गोष्ट फार आवडली. सगळी घरं साच्यातून काढल्यासारखी अशी टीका तेव्हा खूप झाली, पण आज गल्लीत फिरताना एकासारखं दुसरं घर शोधावं लागतं, कुणी मजला चढवलाय, कुणी गॅरेज काढलंय, कुणी पुढे पोर्च.

तेव्हा नियम मात्र कडक! अंगणाला कुंपण घालायचं नाही, गवत दर आठवड्याला कापायचं, नाही कापलं तर बिल्डरची माणसं येऊन कापणार आणि बिल तुम्हाला. शनिवार-रविवारी बाहेर कपडे वाळत घालायचे नाहीत. आता घरात चार लहान पोरं असलेल्या बाईने काय करायचं सांगा! गाडी एकच, ती घेऊन नवरा स्टेशनवर जाणार, कारण लेव्हिटटाउनला स्वतःचं रेल्वे स्टेशन आजही नाही. मग दिवसभर बायका, पोरं आणि बाबागाड्या. चालत जाता येईल अशी छोटी बाजारपेठ दर वस्तीत होती, व्हिलेज ग्रीन म्हणायचे, पोहण्याचे तलावही होते, आणि दुपारची एकमेकींकडे कॉफी. टपरवेअर १९५१ मध्ये दुकानांतून बंद होऊन फक्त घरगुती पार्ट्यांमधून विकलं जायला लागलं ते अशाच वस्त्यांच्या जिवावर. मशीनमुळे बाईचा वेळ वाचला असं सरसकट म्हणतात, मला ते पटत नाही. मशीन आलं तसे कपडे रोज बदलायला लागले, आजींच्या आईच्या इस्त्रीचा ढीग कधी संपायचाच नाही.

आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे लिहिणं प्रामाणिक होणार नाही. सुरुवातीच्या करारात स्पष्ट लिहिलेलं होतं की गोऱ्यांशिवाय कुणाला या घरात राहू द्यायचं नाही, घरकामाचे नोकर सोडून. १९४८ मध्ये सुप्रीम कोर्टाने असे करार कोर्टातून अमलात आणता येणार नाहीत असा निकाल दिला, नंतर ते कलम निघालं, पण लेव्हिटने कृष्णवर्णीयांना घरं विकली नाहीतच. युद्धात लढून आलेला कृष्णवर्णीय सैनिकसुद्धा नको! याच बिल्डरने पेनसिल्व्हेनियात बांधलेल्या दुसऱ्या लेव्हिटटाउनमध्ये १९५७ साली डेझी आणि विल्यम मायर्स हे कृष्णवर्णीय जोडपं मुलांना घेऊन राहायला आलं तर घरासमोर जमाव जमला, दगडफेक झाली. ते वाचून अजूनही संताप येतो. न्यूयॉर्कच्या या गावात आजही कृष्णवर्णीय कुटुंबं फारच थोडी आहेत.

आपल्या लोकांचं म्हणाल तर १९४६ च्या कायद्याने भारतातून वर्षाला फक्त १०० जणांना अमेरिकेत स्थायिक व्हायला परवानगी होती, १९६५ मध्ये कायदा बदलला तेव्हा कुठे दार उघडलं. आणि आता शेजारच्याच हिक्सव्हिलमध्ये पटेल ब्रदर्स, मिठाईची दुकानं, साड्या, सगळं आहे, आजींनाही तिथले समोसे माहीत आहेत.

जायचं असेल तर पेन स्टेशनवरून लाँग आयलंड रेल रोडने हिक्सव्हिलला उतरा, तिथून टॅक्सी करा. ॲबी लेनवरच्या जुन्या शाळेच्या इमारतीत स्थानिक इतिहास मंडळाचं छोटं म्युझियम आहे, वेळ आधी विचारून जा. आणि गल्ल्यांमधून पायीच फिरा, रस्ते मुद्दाम वळणावळणाचे केलेत त्यामुळे चुकाल, पण फोनवर नकाशा असतोच.