मुकुट एकदाचा उभा राहिला! (एल्फिन्स्टन डायोरामा अपडेट)

मंडळी, काल रात्री दोरा कापला आणि कमानी जागच्या हलल्या नाहीत! नवीन आलेल्यांसाठी, हा डायोरामा म्हणजे स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनचा छोट्या मॉडेलमधला देखावा, तिथलं विद्यापीठ स्थापणाऱ्या बिशप विल्यम एल्फिन्स्टन यांच्या काळातला. त्यातल्या किंग्ज कॉलेज चॅपलच्या टॉवरवरचा मुकुट, ज्याच्यापायी अख्खं ॲबर्डीन शेल्फवर धूळ खात पडलं होतं, तो झाला. घरात सगळ्यांना बोलावून बोलावून दाखवलाय.

ज्यांनी क्राउन स्पायर (मुकुटासारखं शिखर) कधी केला नाही त्यांना सांगतो, हे प्रकरण चर्चच्या साध्या शिखरासारखं नसतं. चार कोपऱ्यांतून चार कमानी निघतात, मधे हवेत एकत्र येतात, त्या जोडावर लँटर्न (छोटा उघडा मनोरा) आणि त्याच्या डोक्यावर परत एक मुकुट, खाली आधार शून्य. एडिनबर्गच्या सेंट जाइल्सला आठ कमानी आहेत, तिथे वजन वाटलं तरी जातं, इथे चारच. थ्रीडी प्रिंटरच्या रेझिनमध्ये नक्षी फार सुंदर येते पण एवढ्या बारीक कमानी क्युअर (कडक) होताना वाकतात, चौघींचे पाय एका लेव्हलला येतच नाहीत, आणि पीएलएमध्ये (प्रिंटरचं दुसरं प्लास्टिक) सपोर्ट काढताना नेमका जोडच तुटतो. माझं स्पष्ट मत, कमानीच्या कामाला थ्रीडी प्रिंटरच्या नादी लागूच नका, २ मिमीचा बर्च प्लाय घ्या. लेझर कटिंगवाल्याने कडा कोळशासारख्या काळ्या करून दिल्या होत्या, त्या घासण्यात एक रविवार गेला, पण प्लाय वाकत नाही हे महत्त्वाचं.

खरी युक्ती अशी की चार अर्ध्या कमानी जोडायच्याच नाहीत. दोन अख्ख्या कमानी कापायच्या, एक या कर्णावर एक त्या कर्णावर, आणि मधे एकीला वरून एकीला खालून अर्धी खाच मारून एकमेकींत बसवायच्या. लँटर्न बरोब्बर त्या फुलीवर बसतो. तरी पाय बाहेर सरकत होते आणि माउंटबोर्डच्या (जाड पुठ्ठ्याच्या) भिंती वरून फाकत होत्या, मग लक्षात आलं की गवंड्यांपुढे हाच प्रश्न होता, दगडाची कमान बाहेर रेटा देणारच, म्हणून तर कोपऱ्यांवर ते जड कळस आहेत, ते नुसते शोभेचे नाहीत, वरून दाबून तो रेटा खाली भिंतीत उतरवतात. मी कळस पोकळ ठेवून आत शिशाचे छर्रे भरले, खाली सेंट्रिंग (कमान पक्की होईपर्यंतचा तात्पुरता आधार) म्हणून थर्माकोलचा ठोकळा लावला, चारी पायांना दोऱ्याचा फेर देऊन फेविकॉल पूर्ण सुकू दिला. दोरा कापला तरी ढिम्म!

आता प्रश्न कुठला मुकुट करायचा हा. आपला डायोरामा ऑक्टोबर १५१४ चा, म्हणजे बिशप एल्फिन्स्टन वारले तेव्हाचा, आणि आज दिसतो तो मुकुट १६३३ च्या वादळात मूळचा कोसळल्यावर परत बांधलेला. म्हणून लँटर्नवरचं नंतरचं कोरीवकाम मी गाळलं, फक्त मूळ घाट ठेवला.

आणि हा घाट मला का सोडवत नाही तेही सांगतो. वरून बंद असलेला मुकुट हा सम्राटाचा, साध्या राजाचा नाही. १४६९ मध्येच स्कॉटिश पार्लमेंटने म्हणून ठेवलं होतं की आपल्या राज्यात आपला राजा सम्राटासारखाच पूर्ण अधिकारी. एल्फिन्स्टन हे मुळात कायद्याचे माणूस, पॅरिस आणि ऑर्लेआँला शिकलेले, १४८८ मध्ये राजा तिसऱ्या जेम्सचे चान्सलर (मुख्य मंत्री), पुढे १४९२ पासून मरेपर्यंत प्रिव्ही सील (राजाचा खासगी शिक्का) त्यांच्याकडे, चॅपलवर असा मुकुट चढवताना त्याचा अर्थ त्यांना पुरेपूर माहीत असणार. एका पाद्र्याचा अनौरस मुलगा इथवर पोचला याचं मला प्रत्येक वेळी नवल वाटतं. आणि मग ज्या चौथ्या जेम्सच्या नावाचा शिलालेख त्याच चॅपलच्या पश्चिम भिंतीवर आहे (गवंड्यांनी २ एप्रिल १५०० ला काम सुरू केलं असं त्यात कोरलंय) तो राजा सप्टेंबर १५१३ ला फ्लॉडनला इंग्रजांशी लढताना मारला गेला. या युद्धाला म्हाताऱ्या बिशपांचा विरोध होता, कोणी ऐकलं नाही. पुढच्या वर्षी २५ ऑक्टोबरला तेही गेले.

रंगाबद्दल एकच, ग्रे लावू नका! ॲबर्डीन म्हटलं की सगळे ग्रॅनाइट रंगवतात, पण चॅपलचा दर्शनी भाग सँडस्टोनचा आहे. मी बफवर (फिकट पिवळसर रंगावर) पातळ ओकरचा (गेरूसारख्या पिवळ्याचा) वॉश दिलाय, उन्हात धरला की मस्त दिसतो.

नेमप्लेटचाही निकाल लागला. विद्यापीठ स्थापायच्या पोपच्या बुलवर (फर्मानावर) साल १४९४ आहे, कारण त्या हिशोबात नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे तिथला फेब्रुवारी आपल्या १४९५ चा. प्लेटवर १० फेब्रुवारी १४९५ जाणार.

पुढे चॅपलच्या आतले ओकचे स्टॉल्स (लाकडी बैठका) करणार होतो, पण हे टाइप करता करताच विचार बदलला. सेंट्रिंगची पद्धत हाताशी आलीच आहे तर आधी डी नदीवरचा पूल घेतो. सात कमानींचा, बिशपांनी मनावर घेतलेला पण त्यांच्या हयातीत न झालेला, १५२७ मध्ये नंतरचे बिशप गॅव्हिन डनबार यांनी पुरा केला. मग डायोरामा १५१४ चा आहे तर पूल अर्धवट, बांधकाम चालू असाच दाखवायला हवा ना? लाकडी सेंट्रिंग उघडं, बाजूला दगडांचे ढीग, मला तर हे जास्तच आवडतंय. कमानींच्या खालच्या पट्ट्यांसाठी १ मिमीचा प्लाय चालेल की स्टायरीन (प्लास्टिकचा पत्रा) घेऊ? ज्यांनी असा रिब्ड (खाली पट्ट्या असलेल्या) कमानींचा पूल केलाय त्यांनी सांगा, शनिवारी कटिंगला फाइल द्यायचीय.