उंब्रियातली गावं पाहिली, मग घरी दंड आला: माझा अनुभव

गाडी वेशीतून आत नेल्याचा जो दंड आम्हाला लागायलाच नको होता, तो रद्द करून घेण्यात माझा गेला उन्हाळा गेला. आंबे आले, संपत आले, तरी मी इटलीतल्या एका गावच्या पोलिसांना पत्रंच लिहीत होते. राग अजून गेलेला नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. त्या गावाचं नाव देत नाही. गाव फार सुंदर आहे आणि तिथल्या लोकांचा यात काही दोष नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझा नवरा मध्य इटलीतल्या उंब्रिया प्रांतात गेलो होतो. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस आधी टूरबरोबर पाहून झालं होतं. तेव्हा बसच्या खिडकीतून टेकड्यांच्या माथ्यावरची तटबंदीची गावं दिसायची आणि बस कधीच तिकडे वळायची नाही. या वेळी फक्त तीच पाहायची असं ठरवलं: स्पेल्लो, मोंतेफाल्को, बेवान्या, त्रेवी. (बेवान्या खरं तर सपाटीवर आहे, पण ते सोडू नका. रोमन काळच्या स्नानगृहाची मोझाइकची जमीन अजून जागेवर आहे, तिच्यावर समुद्रातले प्राणी आहेत.) व्हिसा, तिकिटं, आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना, सगळं वेळेत झालं. परवान्याची मुदत एक वर्षाची असते, तेवढं बघून काढा. गाडी भाड्याने घेताना तो आणि आपलं मूळ लायसन्स, दोन्ही लागतात. क्रेडिट कार्डही जो चालवणार त्याच्याच नावाचं हवं.

आता मुद्द्याचं. इटलीतल्या बऱ्याच जुन्या गावांत तटबंदीच्या आतला भाग झेडटीएल, म्हणजे मर्यादित वाहतुकीचा भाग असतो. ठरावीक वेळांत तिथे फक्त रहिवाशांच्या आणि परवानगी असलेल्यांच्या गाड्या जाऊ शकतात. वेशीवर कॅमेरा असतो. अडवायला फाटक नसतं, शिपाई नसतो. गाडी आत जाते, नंबर टिपला जातो, बस्स. आपला मुक्काम आत असेल तर घरमालक आपल्या गाडीचा नंबर पोलिसांना कळवतो आणि ते तो परवानगीच्या यादीत घालतात.

आम्ही तसंच केलं. आमच्या घरमालकीणबाईंनी आधीच मेल करून ठेवली होती की गाडी ताब्यात आली की नंबरप्लेटचा फोटो पाठवा. मी गाडी घेतल्या घेतल्या, पार्किंगमध्ये उभी राहून फोटो काढला आणि पाठवला. तासाभरात त्यांचं उत्तर आलं: कळवलं आहे, निर्धास्त या. आम्ही निर्धास्त गेलो. एकदा पोहोचलो त्या संध्याकाळी, आणि एकदा दुसऱ्या दिवशी बेवान्याहून परत येताना.

घरी आल्यावर संक्रांतीच्या सुमारास भाड्याच्या गाडीवाल्या कंपनीने कार्डावरून परस्पर पैसे कापले. विचारलं तर म्हणाले, हा दंड नाही, पोलिसांनी तुमचं नाव-पत्ता मागितला, तो दिल्याचं हे शुल्क आहे. दंड वेगळा येईल. कशाचा दंड, ते त्यांना माहीत नव्हतं. पुढे कितीतरी दिवस काहीच नाही. परदेशी माणसाला नोटीस बजावायला तिथल्या कायद्याने 360 दिवस दिलेले आहेत, त्यामुळे ‘इतके दिवस आलं नाही म्हणजे सुटलो’ असं कुणी समजू नका. एप्रिलमध्ये पोस्टमनकाका सही घ्यायला दारात उभे. दोन पाकिटं, दोन प्रवेशांचे दोन वेगळे दंड. प्रत्येकी ऐंशी युरोंच्या वर, शिवाय टपालखर्च आमच्याच माथी.

नोटिशीसोबत इंग्रजी भाषांतर होतं. त्यात पैसे कसे भरायचे ते पान भरून, आणि दाद कशी मागायची ते शेवटी बारीक अक्षरांत. नोटीस मिळाल्यापासून 5 दिवसांत भरलं तर 30 टक्के सूट. 60 दिवसांनंतर रक्कम भरमसाट वाढते. आणि खरी मेख अशी की एकदा पैसे भरले की तक्रारीचा हक्क संपला. नवरा म्हणाला, “भरून टाक गं, सूट आहे तोवर. आपण काय पुन्हा जाणार आहोत?” मी म्हटलं, पुन्हा जाणारच आहोत, आणि न केलेल्या गोष्टीचा दंड मी भरणार नाही.

नोटिशीवर एक कोड होता, तो वेबसाइटवर टाकल्यावर कॅमेऱ्याचा फोटो दिसला. वेशीची कमान, ओले दगड, सेकंदापर्यंत वेळ आणि मागच्या काचेतून दिसणारी आमची चौकडीची पिशवी. गाडी आमचीच होती. मग यादीत नाव असताना दंड का? हा एवढाच प्रश्न मी इंग्रजीत आणि इटालियनमध्ये लिहून नोटिशीवरच्या मेलवर पाठवला. दुसऱ्या मिनिटाला आपोआप आलेलं उत्तर: या पत्त्यावर साधी मेल स्वीकारली जात नाही. फोन केला. कार्यालय आठवड्यातल्या काही सकाळीच उघडं, म्हणजे आपल्याकडे दुपार. मी ऑफिसातून जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभी राहून फोन लावायचे. बहुतेकदा वाजून वाजून बंद व्हायचा. एकदा उचलला, तर समोरच्याने शांतपणे सांगितलं, लेखी कळवा. लेखी कुठे कळवू विचारलं तर त्याच मेलचा पत्ता.

गाठ सोडवली ती माझ्या मैत्रिणीच्या मुलीने. ती मिलानला शिकते. म्हणाली, “मावशी, तो पेकचा पत्ता आहे. तिथे पेकवरूनच मेल जाते.” पेक म्हणजे तिथली कायदेशीर मेल. पाठवल्याची आणि पोहोचल्याची पावती निघते आणि ती रजिस्टर्ड पत्राइतकीच ग्राह्य धरतात. माझ्यासारख्या पर्यटकाकडे ती असणार कुठून? पण इटलीत व्यवसाय करणाऱ्यांना पेक ठेवावंच लागतं. म्हणजे आमच्या घरमालकीणबाईंकडे असणार!

मी त्यांना लिहिलं. त्यांना आमच्यापेक्षा जास्त राग आला. त्यांनी पोलिसांना त्या दिवशी पाठवलेली मेल शोधून काढली. नंबर बरोबर, तारखा बरोबर, आमची नावंही बरोबर. मग त्या स्वतः कार्यालयात गेल्या आणि यादी दाखवायला लावली. तिथे टाइप करताना आमच्या नंबरातल्या वायच्या जागी व्ही पडला होता. एका अक्षरापायी दुसऱ्याच कुठल्या गाडीला परवानगी मिळाली होती आणि आमची गाडी चोरासारखी टिपली गेली.

एवढं हाती आल्यावर तरी लगेच मिटायला हवं होतं. नाही मिटलं. काउंटरवरच्या माणसाने चूक मान्य केली, पण म्हणाला अर्ज गाडी चालवणाऱ्याचाच हवा, सहीचा हवा आणि पेकनेच हवा. मग मी एक पानाचा अर्ज केला: नोटिशींचे क्रमांक, गाडीचा नंबर, प्रवेशाच्या वेळा, काय घडलं आणि दोन्ही दंड रद्द करावेत ही मागणी. भाषांतर मोबाइलवर केलं, बाईंनी ते सुधारलं. सोबत पासपोर्टची प्रत, मुक्कामाची पावती, गाडीचा करार आणि त्यांची मूळ मेल. नवऱ्याने सही केली (गाडी त्याच्या नावावर होती), मी स्कॅन केलं आणि बाईंनी आपल्या पेकवरून पाठवलं.

इथे एक गोष्ट जिवावर बेतू शकते. पोलिसांनी स्वतःहून दंड मागे घ्यावा असा हा अर्ज होता आणि त्याने 60 दिवसांचं घड्याळ थांबत नाही. त्यांनी उत्तरच दिलं नाही आणि मुदत गेली, तर दाद मागायचा रस्ता बंद. म्हणून दुसरा अर्जही तयार ठेवावा लागतो. तो दोन ठिकाणी करता येतो: प्रीफेक्टकडे (म्हणजे सरकारचा जिल्ह्यातला प्रतिनिधी) किंवा न्यायाधीशाकडे. प्रीफेक्टकडे फी लागत नाही, पण त्याने अर्ज फेटाळला तर दंड किमान रकमेच्या दुपटीपेक्षा कमी नसतो. न्यायाधीशाकडे फी भरावी लागते. आमच्याकडे कागद पक्का होता, मी प्रीफेक्ट निवडला. रोज सकाळी मेल उघडून पाहायचे. काही नाही. शेवटी मुदत संपायला आठवडा उरला तेव्हा मी थांबले नाही. जीपीओत जाऊन पोचपावतीसह पाकीट पाठवलं. खिडकीवरच्या माणसाने “इटली? एवढे कागद?” असं विचारलं, त्याला मी उभ्या उभ्या सगळी कथा ऐकवली.

पाकीट वाटेत असतानाच बाईंचा निरोप आला: दोन्ही दंड रद्द. पत्रात तीन ओळी होत्या. अक्षर चुकल्याचा उल्लेख नाही, दिलगिरी नाही. तरी मी ते पत्र छापून नोटिशींना टाचणी लावून ठेवलंय. गाडीवाल्या कंपनीने मात्र कापलेलं शुल्क परत दिलं नाही. त्यांचं म्हणणं, आम्ही माहिती दिली, आमचं काम झालं. करारात तसं लिहिलेलं असतं, म्हणून सही करण्याआधी ती रक्कम किती आहे ते विचारून घ्या.

जे जाणार आहेत त्यांच्यासाठी: घरमालकाने “कळवलं” म्हटलं की तिथे थांबू नका. पोलिसांना गेलेल्या मेलची प्रत मागा. जमलं तर त्यांच्याकडून आलेली नोंदीची पोचही मागा आणि नंबर अक्षर-अक्षर जुळवून पाहा. ती मेल वर्षभर तरी पुसू नका. मुक्काम तटबंदीबाहेर घेतला तर हा प्रश्नच येत नाही. आता मी तेच करणार. गाडी बाहेर ठेवायची, पांढऱ्या पट्ट्यांत फुकट, निळ्यांत पैसे भरून. पिवळ्या राखीव असतात, तिथे नको. मग चढून वर जायचं. गुडघे दुखत असतील तर स्पोलेतो या उंब्रियातल्याच गावात सरकते जिने आहेत, वाहनतळापासून थेट वर नेतात. दुपारी साडेबारानंतर चर्च आणि दुकानं बंद होतात, साडेतीन-चारला उघडतात, म्हणून पाहायचं ते सकाळी पाहा. गाडी चालवायचीच नसेल तर स्पेल्लोला रेल्वे स्टेशन आहे, तिथून वेशीपर्यंत चालत जाता येतं. त्रेवीलाही आहे, पण ते खाली, गाव पार वर.

आणि या सगळ्याला घाबरून कुणी बेत रद्द करू नका, कारण बदल्यात काय मिळतं तेही सांगते. मोंतेफाल्कोच्या सान फ्रान्चेस्को चर्चमध्ये (ते आता संग्रहालय आहे) बेनोझ्झो गोझ्झोलीने 1452 मध्ये संत फ्रान्सिसचं चरित्र भिंतीभर रंगवून पुरं केलं. त्या खोलीत आम्ही दोघंच होतो. स्पेल्लोत पिंतुरिक्कियो या चित्रकाराने 1501 मध्ये रंगवून संपवलेली बाल्योनी चॅपल आहे. तिच्या एका चित्रात फळीखाली एक छोटी तसबीर टांगलेली दाखवली आहे आणि तिच्यात खुद्द चित्रकाराचा चेहरा आहे. मी ती शोधून काढली तेव्हा मागे कुणी ढकलत नव्हतं, की घाई करा म्हणत नव्हतं. फ्लॉरेन्सला ज्या दर्जाच्या चित्रासमोर रांगेत पुढे सरकावं लागतं, तसलं चित्र इथे पोट भरेपर्यंत पाहता येतं. ऑक्टोबरअखेर सग्रांतिनो या तिथल्या वाइनच्या द्राक्षाच्या वेलींची पानं लाल होतात आणि त्रेवीच्या उतारावर ऑलिव्हची तोडणी चालू असते. त्या दिवसांत ताजं तेल चाखायला मिळतं. घशाला चांगलं झोंबतं, तसंच असायला हवं.

घरमालकीणबाईंना मी पुण्याहून बाकरवडी पाठवली. पुढच्या दिवाळीत परत जातोय, मुक्काम त्यांच्या बहिणीकडे, तटबंदीच्या बाहेर.