बसचे थांबे

घोडबंदर रस्त्यावरच्या एका शाळेत मुलीच्या प्रवेशासाठी रांगेत उभा असताना पुढच्या गृहस्थांनी खिडकीतल्या बाईंना विचारले, ‘मॅडम, इथे साधारण कोणत्या सोसायट्यांमधली मुलं येतात?’ शिक्षकांविषयी त्यांनी काहीच विचारले नाही. मला हसू आले खरे. पण आदल्याच रात्री मीही शाळेच्या बसचे थांबे वाचत, ती कोणकोणत्या वस्त्यांतून येते हेच पाहत होतो. शिक्षणहक्क कायदा, २००९ नुसार अल्पसंख्याक संस्था वगळता खासगी विनाअनुदानित शाळांच्या प्रवेशवर्गात किमान २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतील मुलांसाठी असतात. सरकारी किंवा अनुदानित शाळा जवळ असल्यास त्यातून सूट देणारा राज्य सरकारचा नियमबदल मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये रद्द केला. त्या गृहस्थांचा दुसरा प्रश्न नेमका याच जागांविषयी होता, आणि तो त्यांनी आवाज बराच खाली आणून विचारला.